दापोलीतले वकील : अब्रुनुकसानीच्या दाव्यातला माझा अनुभव

हर्णैतून मी साप्ताहिक चालवते. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत मासेमारी करणाऱ्या बोटींची बातमी छापली, तर एका बोटमालकाने अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. वर बातमी देणाऱ्याचं नाव कोर्टाने उघड करायला लावावं, असा अर्जही दिला. माहिती देणारा साधा खलाशी. बर्फाच्या पावतीमागे त्याने पेनाने तारखा लिहून दिल्या होत्या, घामाने अर्धी अक्षरं पसरलेली.

वकिलांनी पहिल्याच भेटीत खोटा धीर दिला नाही, हे मला फार आवडलं. प्रेस कौन्सिल म्हणजे वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणारी वैधानिक संस्था. तिच्या कायद्याचं (१९७८) कलम १५(२), म्हणजे बातमी कुणी दिली हे सांगायची पत्रकारावर सक्ती नाही असं म्हणणारं, आपल्याला तारेल असं मी धरून चालले होते. वकील म्हणाले, "ताई, ते संरक्षण कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतं. कोर्ट नाव विचारू शकतं." विधी आयोगाने १९८३च्या ९३व्या अहवालात पत्रकारांना कोर्टातही असं संरक्षण मिळावं म्हणून पुरावा कायद्यात तरतूद सुचवली होती, तीही त्यांनी दाखवली. ती कायद्यात आलीच नाही.

मग त्यांनी बातमी नावाशिवाय उभी केली. माहिती अधिकारातून बंदराच्या नोंदी, लिलावाच्या पावत्या, उघडपणे बोलणारे दोन साक्षीदार. नाव न कळताही दाव्याचा निकाल लागू शकतो, हा त्यांचा मुद्दा कोर्टाला पटला आणि अर्ज फेटाळला गेला. मूळ दावा चालू आहे.

फोन मात्र उचलत नाहीत. तारखेच्या आदल्या रात्री नऊपर्यंत मी त्यांच्याकडे बाकावर बसून होते. फी टप्प्याटप्प्याने घेतली.

ती बर्फाची पावती त्यांनी फायलीला लावू दिली नाही. अक्षर ओळखलं जाईल म्हणाले.