युविका की आयुका? नववीची उन्हाळी सुट्टी

इस्रोचा ‘युविका’ हा २०१९ पासूनचा, नववीच्या मुलांसाठीचा सुमारे दोन आठवड्यांचा, अवकाशविज्ञानाचा निवासी उपक्रम. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रो करतं. निवडीत आठवीच्या गुणांना निम्मं वजन. बाकी ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड वगैरे. ग्रामीण शाळेतल्या मुलांना वेगळे गुण मिळतात, आणि मला ही या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ज्या मुलीने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तिला तिरुअनंतपुरम किंवा अहमदाबादच्या केंद्रात रॉकेट किंवा उपग्रहांवर काम करणारी माणसं भेटतात.

पुण्यातल्या आयुकाचा, म्हणजे तिथल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचा, उन्हाळी कार्यक्रम अगदी निराळा. आठवी ते दहावीच्या मुलांचा छोटा गट आठवडाभर एकाच शास्त्रज्ञाबरोबर बसतो. ठरलेला अभ्यासक्रम नाही. काय करायचं ते मुलं आणि मार्गदर्शक मिळून ठरवतात आणि शेवटी मुलं अहवाल लिहितात. संशोधन म्हणतात ते हेच: प्रश्न धरायचा, अडकायचं, पुन्हा मोजायचं. अडचण एकच, पण मोठी: रोज जा-ये करायची असल्याने तो पुणे परिसरातल्या मुलांपुरताच राहतो.

युविकात मुलं पुष्कळ पाहतात, प्रतिकृतीही बनवतात, पण वेळापत्रक गच्च असतं. पुण्यात राहणाऱ्या, एकाच प्रश्नात रमणाऱ्या मुलाला मी आयुकाकडे पाठवेन. सातारा-नंदुरबारच्या मुलांनी मात्र युविकाचा अर्ज भराच. जाहिरात वर्षाच्या सुरुवातीला येते, तेव्हा आठवीची गुणपत्रिका आत्ताच शोधून ठेवा.