पीएसएटी दहावीत की अकरावीत? आणि स्कॉलरशिपसाठी नक्की काय धरतात

अमेरिकेतल्या आपल्या पालकांच्या ग्रुपवर दर फॉलला पीएसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेआधी शाळेत होणाऱ्या सराव परीक्षेचा, हाच घोळ सुरू होतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. तुमचं पोर आता दहावीत असेल तर समोर दोन पर्याय असतात. एक, ऑक्टोबरमध्ये अकरावीच्या मुलांबरोबर पीएसएटी-एनएमएसक्यूटी द्यायची, किंवा दुसरा, स्प्रिंगमध्ये पीएसएटी-10 द्यायची. पेपर दोन्हीकडे सारखाच, 2 तास 14 मिनिटांचा, ब्लूबुक या परीक्षेच्या अ‍ॅपवर, स्कोअर 320 ते 1520. आणि नॅशनल मेरिटच्या, म्हणजे याच परीक्षेच्या स्कोअरवरून सुरू होणाऱ्या देशपातळीवरच्या स्कॉलरशिपच्या दृष्टीने चार वर्षांत हायस्कूल करणाऱ्या मुलासाठी दहावीत या दोन्हींचा उपयोग शून्य, कारण तिथे हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाची, म्हणजे अकरावीच्या ऑक्टोबरचीच परीक्षा धरतात. दहावीत दिली तर रिपोर्टवर सिलेक्शन इंडेक्सच्या (नॅशनल मेरिट ज्यावरून निवड करतं तो आकडा) शेजारी एक छोटा स्टार येतो, त्याचा अर्थ एवढाच की यंदा हा मुलगा स्पर्धेत नाही. तो बघून घाबरून काउन्सेलरला मेल करणारे पालक दरवर्षी असतात.

मग दहावीत द्यायचीच कशाला? माझं मत, शाळा ऑक्टोबरला बसू देत असेल तर ऑक्टोबरच घ्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तयारीला पूर्ण वर्ष मिळतं. पण मॅथ मागे असेल, अल्जेब्रा टू आत्ताच सुरू झालं असेल, तर स्प्रिंगची पीएसएटी-10 बरी, तोवर थोडं शिकून होतं. दोन्ही द्यायची मात्र गरज नाही.

आता अकरावी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ इंडेक्सचा, कारण लोक टोटल बघतात आणि नॅशनल मेरिटवाले टोटल बघतच नाहीत. रीडिंग-रायटिंगचा स्कोअर दुप्पट करायचा, त्यात मॅथ मिळवायचा आणि 10 ने भागायचं. समजा एकीला रीडिंग-रायटिंगमध्ये 740 आणि मॅथमध्ये 720 आहेत, तर इंडेक्स 220. दुसऱ्याला रीडिंग-रायटिंग 700 आणि मॅथ पैकीच्या पैकी 760, त्याचा 216. टोटल दोघांचीही 1460! आपली पोरं मॅथच्या जोरावर उड्या मारतात आणि इथे नेमकी मार खातात, त्यामुळे वेळ कमी असेल तर तो ग्रामर आणि वाचनावर घाला.

त्यात परत सेमीफायनलिस्ट होण्यासाठी लागणाऱ्या इंडेक्सचा कटऑफ राज्याप्रमाणे बदलतो. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्ससारख्या ठिकाणी तो सगळ्यात वर, आणि खालच्या राज्यांपेक्षा 15 एक पॉइंटने जास्त असू शकतो. तेव्हा तुमच्या राज्याचे मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडे बघा, दुसऱ्या राज्यातल्या मावसभावाचा स्कोअर धरून बसू नका. साधारण 13 लाख मुलांतून 50,000 जणांची दखल घेतली जाते, त्यातले 16,000 च्या आसपास सेमीफायनलिस्ट, बाकीचे कमेंडेड, म्हणजे फक्त कौतुकाचं पत्र मिळणारे. सेमीफायनलिस्ट झालं की अर्ज, निबंध, शाळेची शिफारस, चांगले ग्रेड्स आणि सॅट किंवा तिच्यासारख्याच एसीटी या प्रवेश परीक्षेचा तोडीचा स्कोअर लागतो, मग फायनलिस्ट.

व्हिसावाल्यांचा प्रश्न नेहमी येतो. मूल अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये शिकत असेल तर आता नॅशनल मेरिटला सिटिझन असण्याची अट नाहीये, एच-4 वरची (एच-1बी वर नोकरी करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलंही बसू शकतात. अट उलट बाहेर शिकणाऱ्यांना आहे, म्हणजे कुटुंब भारतात परत गेलं आणि मूल तिथे शिकतंय तर सिटिझनशिप किंवा ग्रीन कार्डचे नियम लागू होतात. काही राज्यांच्या स्कॉलरशिप याच्या बरोबर उलट्या वागतात. फ्लोरिडाच्या ब्राइट फ्यूचर्सला पीएसएटी चालत नाही, सॅट, एसीटी किंवा सीएलटी (क्लासिक लर्निंग टेस्ट) लागते, आणि तिथे राज्याचे रहिवासी असणं आणि सिटिझन किंवा पात्र नॉन-सिटिझन असणं दोन्ही बघतात. तेव्हा एच-4 वाल्यांनी ती धरून हिशोब करू नये.

पैशाचं बोलायचं तर नॅशनल मेरिटची स्वतःची रक्कम फक्त 2,500 डॉलर, तीही एकदाच. खरा पैसा कॉलेजकडून येतो. अलाबामा, यूटी डॅलस अशा युनिव्हर्सिटी फायनलिस्टला मोठं पॅकेज देतात. हार्वर्ड, एमआयटी, स्टॅनफर्ड मेरिटवर पैसे देतच नाहीत, तिथे नीड-बेस्ड एडच, म्हणजे घरच्या उत्पन्नाप्रमाणे मदत. त्यामुळे पोराला जर अलाबामाला जायचंच नसेल आणि घरचे पण नाक मुरडणार असतील, तर अकरावीच्या आधीचा अख्खा समर पीएसएटीच्या कोचिंगमध्ये घालवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, सरळ सॅटची तयारी करावी, पीएसएटीची आपोआप होते. आणखी एक, आई-बाबांच्या कंपनीच्या एचआरला विचारा, काही कंपन्या फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी नॅशनल मेरिटमधून स्कॉलरशिप देतात आणि कित्येकांना ते माहीतच नसतं.

रजिस्ट्रेशन कॉलेज बोर्डाच्या (ही परीक्षा घेणारी संस्था) साइटवर स्वतः करता येत नाही, शाळेतूनच होतं. शाळा परीक्षा घेतच नसेल किंवा मुलं होमस्कूल असतील तर जवळच्या दुसऱ्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्टीतच विचारून ठेवा, सप्टेंबरमध्ये जागा राहत नाहीत. आणि अकरावीत ऐन परीक्षेच्या दिवशी ताप आला तर सॅटच्या स्कोअरवर अल्टरनेट एन्ट्री, म्हणजे नॅशनल मेरिटमध्ये पर्यायी प्रवेश, मागता येते, पण तो अर्ज वेगळा करावा लागतो आणि त्याची मुदत पुढच्या स्प्रिंगमध्येच संपते.