अतितिखट मिरच्यांचा डबा : नावे चार, खऱ्या अडीच

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी वाळवलेल्या अख्ख्या मिरच्यांचा डबा मागवला, त्यात भूत जोलोकिया, ट्रिनिडाड मोरुगा स्कॉर्पियन, कॅरोलायना रीपर आणि पेपर एक्स अशा चार पुड्या होत्या. याच मिरच्या दळूनही मिळत होत्या, पण त्या मी मुद्दाम टाळल्या. एकदा दळल्यावर मिरचीची जात ओळखण्याचा कोणताही मार्ग घरी उरत नाही, आणि भुकटीत साध्या लाल मिरचीची भर घातलेली असली तरी जीभ पोळलेल्या माणसाला ती कशी कळणार?

जोलोकियाविषयी तक्रार नाही. निमुळता लांबट आकार, पातळ साल, खडबडीत पृष्ठभाग आणि पुडी उघडताच येणारा गोडसर, फळासारखा वास, हे सारे जुळले. रीपरही अस्सल वाटली : आखूड, सुरकुतलेली फळे आणि बहुतेकांना विंचवाच्या नांगीसारखी शेपटी, वाळताना मोडलेल्या शेपट्या पुडीच्या तळाशी सापडल्या. मोरुगाला मात्र मी अर्धेच गुण देईन. तिच्यातली निम्मी फळे रीपरहून वेगळी काढता येत नव्हती, परंतु त्यावरून लबाडी झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण एकाच झाडावर शेपटीची आणि बिनशेपटीची फळे येतात आणि शेजारच्या वाणाशी परपरागीभवन झालेल्या बियांपासून भलतीच संतती निपजते.

पेपर एक्सची पुडी मात्र सरळसरळ खोटी आहे. २०२३ साली गिनीजने सरासरी २६,९३,००० स्कोव्हिल एककांसह (तिखटपणा मोजण्याचे एकक) जिला सर्वांत तिखट ठरवले, ती मिरची हिरवट पिवळी असते. माझ्या हाती आलेली फळे गडद लाल होती. शिवाय ती तयार करणाऱ्या एड करी यांनी तेव्हा तिची फळे किंवा बियाणे विक्रीस काढले नव्हते, ती चाखायची तर सॉसमधूनच.

वेष्टनावरील आकड्यांविषयीही थोडे सांगायला हवे. रीपरच्या पुडीवर २२,००,००० छापले आहे. हा एखाद्या फळात आढळलेला उच्चांक असून गिनीजने २०१७ मध्ये नोंदवलेली सरासरी १६,४१,१८३ आहे. १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत चाखणाऱ्यांच्या जिभेवर तिखटपणा मोजला. आज प्रयोगशाळेत कॅप्सेसिनचे, म्हणजे मिरचीला तिखट बनवणाऱ्या द्रव्याचे, प्रमाण यंत्राने मोजतात. मात्र ते फळागणिक बदलते, म्हणून आपल्या हातातल्या मालाची चाचणी झालेली नसेल तर वेष्टनावरचा आकडा ही केवळ जाहिरात समजावी. या डब्यात चाचणीचा उल्लेख कुठेही नाही.

माल स्वच्छ होता. मी प्रत्येक पुडीतली काही फळे हातमोजे घालून मोडून पाहिली. देठाजवळ किंवा आत करडी बुरशी आढळली नाही, आणि बिया ज्याला चिकटतात तो पांढरट भाग शाबूत होता. खरे तिखट बियांत नसून तिथे असते. या जहाल जातींत ते सालीच्या आतल्या बाजूसही पसरलेले असते.

जोलोकिया आणि रीपर मी याच विक्रेत्याकडून पुन्हा घेईन. पेपर एक्सचे पैसे त्याने एका पत्रानंतर विनातक्रार परत केले, पण तीच पुडी त्याच नावाने अजूनही विक्रीस आहे.