.32 पिस्तूल, काही महिने वापरल्यावर: दोष स्प्रिंगचा कमी, खाचांचा जास्त

9 एमएम निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा परवाना न मिळणाऱ्या प्रकारात येतं, त्यामुळे आपल्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर बहुतेकांच्या हाती भारतीय बनावटीचं .32 पिस्तूलच पडतं. नेम, वजन, मॅगझिन यांवर सगळीकडे भरपूर चर्चा आहे, ती इथे नको. मला बोलायचंय ते स्लाइडबद्दल, म्हणजे काडतूस भरायला मागे ओढतो त्या वरच्या सरकत्या भागाबद्दल, नेमकं सांगायचं तर पकडीसाठी तिच्या मागे कापलेल्या खाचांबद्दल. उथळ, गुळगुळीत आणि जेमतेम बोटभर रुंद. एवढे पैसे मोजल्यावर खाचा तरी धड कापून द्यायला काय हरकत होती? पावसाळ्यात हाताला घाम असला की बोटं सरळ घसरतात.

स्लाइड ओढली जात नाही, याचा सुरुवातीला सगळा दोष तिला पुढे ढकलणाऱ्या रिकॉइल स्प्रिंगचाच वाटतो. ती कडक असते, आणि त्याला कारण आहे. हे पिस्तूल ब्लोबॅक पद्धतीचं. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकत नाहीत, गोळी सुटताना स्लाइडला रोखतं ते तिचं वजन आणि स्प्रिंगचा जोर. बहुतेक 9 एमएम पिस्तुलांत नळी स्लाइडमध्ये अडकलेली असते, दोन्ही थोडं मागे सरकतात, नळी खाली झुकते आणि मगच स्लाइड सुटते. म्हणून काडतूस जास्त जोरदार असूनही तिथे स्प्रिंग नरम चालते.

दुकानात ‘स्प्रिंगचे दोन वेढे कापून देतो’ असं सुचवलं गेलं. हे अजिबात करू देऊ नका. स्लाइड मागे जोरात आदळून फ्रेमला, म्हणजे मुठीसह खालच्या सांगाड्याला मार बसतो, आणि पुढे येताना जोर कमी पडून काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, पूर्ण बसत नाही.

मत बदललं ते घोड्यामुळे, म्हणजे स्लाइडमागच्या हातोडीमुळे. घोडा खाली असताना स्लाइड ओढली की रिकॉइल स्प्रिंगबरोबर घोड्याची स्प्रिंगही आपणच दाबत असतो. बाहेरून दिसणारा घोडा असेल तर नळी सुरक्षित दिशेला, ट्रिगरवर बोट नाही, अशा स्थितीत तो आधी अंगठ्याने मागे चढवा आणि मग स्लाइड ओढा. फरक लगेच हाताला कळतो. काही पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइड अडते, तेही आधी बघून घ्या.

आता पकड. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून मागे ओढणं या खाचांवर जमत नाही, सगळा भार दोन बोटांवर येतो. डावा तळवा वरून ठेवा: चार बोटं उजव्या बाजूला, तळव्याचा अंगठ्याखालचा मांसल भाग डाव्या बाजूला, अंगठा छातीकडे. पिस्तूल छातीजवळ, कोपरं अंगालगत. डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरून ठेवा आणि उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकला. यात खांदा आणि छाती कामाला येतात, मनगट नाही. स्लाइड पूर्ण मागे गेली की हात एकदम सोडा, तो मागे खांद्याकडे जाऊ द्या. स्लाइडला सोबत करत पुढे नेली की ती शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडकते, आणि मग लोक दोष काडतुसाला देतात.

यात दोन धोके आहेत. पिस्तूल छातीशी आडवं धरलं की नळी डावीकडे, शेजारच्या नेमबाजाकडे वळते. मनगट वळवू नका, अख्खं शरीर उजवीकडे वळवा, म्हणजे डावा खांदा लक्ष्याकडे येईल आणि नळीही तिकडेच राहील. दुसरा धोका: पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवर तळवा येऊ देऊ नका. पिस्तूल रिकामं करताना जिवंत काडतूस तिथे अडकलं आणि त्याच्या मागची स्फोटक टोपी इजेक्टरवर, म्हणजे काडतूस बाहेर उडवणाऱ्या दांडीवर आपटली, तर ते हातातच फुटू शकतं. रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची, मग चेंबर डोळ्यांनी बघून बोटानेही चाचपायचा. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं.

खाचांवर स्वस्त उपाय आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन इंची तुकडा तळव्यात धरून स्लाइड ओढा. फुकटात काम होतं. स्लाइड ज्यांवर सरकते त्या रेल्सवर तेलाचा एकेक थेंब पुरतो, पण खाचांवरचं तेल कोरड्या कापडाने पुसून टाका. सराव डमी राउंडवर, म्हणजे दारू नसलेल्या खोट्या काडतुसांवर करा. परवान्यावरची काडतुसं मोजकी असतात, ती यात घालवू नका.

एक अडचण मात्र कितीही जोर लावला तरी सुटत नाही. .32 च्या काडतुसाला मागे बारीक कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि वरचं पुढे सरकतच नाही. अशा वेळी स्लाइड खेचत बसू नका. मॅगझिन काढा, काडतुसं उतरवा आणि प्रत्येक काडतूस पूर्ण मागे सरकवत पुन्हा भरा.

नवीन घेणाऱ्यांनी काउंटरवरच मॅगझिन काढून, चेंबर रिकामा असल्याची खात्री करून, घोडा खाली ठेवून स्लाइड ओढून बघावी. ओढवत नसेल तर पुढेही खाचा असलेलं दुसरं मॉडेल मागा. विक्रेता ‘वापराने सैल होईल’ म्हणेल. स्प्रिंग थोडीफार बसते, खाचा मात्र आहेत तेवढ्याच राहतात.