कडक उन्हात कोणती कोंबडी टिकते, कोणती दगा देते

जातींच्या तक्त्यात सगळ्यांची नजर आधी ‘वर्षाला किती अंडी’ या रकान्यावर जाते. उष्ण हवेत तो रकाना शेवटी बघावा. 300 अंड्यांची कोंबडी दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून बसली की तिची अंडी घटतात आणि कवच पातळ येतं. उकाड्याची लाट लांबली तर कोंबडीच हातची जाते. म्हणून इथे पसंती ठरवली आहे ती अंगावरची पिसं, वजन आणि तुरा बघून.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उष्णता बाहेर टाकायला तिला दोन मुख्य वाटा आहेत: उघडी कातडी, म्हणजे तुरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, पाय; आणि श्वासावाटे जाणारी वाफ. दमट हवेत ही दुसरी वाट जवळजवळ बंद होते. त्यामुळे कोरड्या उन्हात 40 अंश काढणारी कोंबडी दमट हवेत त्याहून बऱ्याच कमी तापमानाला कोलमडू शकते.

पहिली पसंती उघड्या मानेच्या कोंबडीला, म्हणजे नेकेड नेकला. दिसायला ती अनेकांना आवडत नाही, पण उष्ण हवेसाठी याहून सरळ उपाय कोणत्याच जातीत नाही. तिच्यातलं एकच जनुक मानेवरची पिसं घालवतं आणि बाकी अंगावरचीही विरळ करतं. आई-बाप दोघांकडून ते आलं तर पिसं साधारण 40 टक्के कमी, एकाकडूनच आलं तर त्याच्या निम्म्याच्या आसपास. हा फरक हातात धरून ओळखता येतो. मानेच्या पुढच्या बाजूला, पोटळीच्या (गळ्याखालची, खाद्य साठवणारी पिशवी) थोडं वर पिसांचा ठळक झुपका असेल तर जनुक एकेरी आहे. मान पूर्ण उघडी असेल किंवा दोन-चार पिसंच असतील तर दुहेरी. झुपक्याची कोंबडी आणि झुपक्याचाच कोंबडा एकत्र ठेवला तर सरासरी चारात एक पिल्लू पूर्ण पिसांचं निघतं. त्यात विक्रेत्याची फसवणूक नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच मान उघडी दिसते, त्यामुळे निवड पहिल्याच दिवशी होते. दोष दोन: उघड्या मानेला टोचाटोची लवकर होते, आणि थंडीत ऊब टिकवायला जास्त खाद्य लागतं. दुहेरी जनुकाच्या अंड्यांत उबवताना मर थोडी जास्त असते, म्हणून अंडी-मांस दोन्हीसाठी एकेरी जनुकाचा संकर अधिक सोयीचा.

फक्त अंडी हवी असतील तर पांढरी लेगहॉर्न. हलकं अंग, घट्ट बसलेली पांढरी पिसं आणि मादीच्या एका बाजूला कलणारा मोठा तुरा. हा तुराच तिचा उष्णता फेकणारा पंखा आहे. ती सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसून राहत नाही. मात्र तिला जात म्हणून जेवढे गुण द्यावेत तेवढंच तिच्या खाद्याकडे बघावं लागतं. अंड्यावरच्या कोंबडीला रोज सुमारे 4 ग्रॅम कॅल्शियम लागतं. 3.6 टक्के कॅल्शियमचं खाद्य ती 110 ग्रॅम खाते तेव्हा हिशेब जुळतो. उकाड्याने खाणं 90 ग्रॅमवर आलं की पोटात सव्वातीन ग्रॅमच जातं. त्यात धापांमुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवचाला लागणारं कार्बोनेटही अपुरं पडतं. यावर उपाय म्हणजे शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी ठेवणं, कारण कवच बहुतेक रात्री बनतं.

मोकळ्यावर सोडायच्या असतील तर फायूमी बघा. ही इजिप्तची जात, मादी जेमतेम दीड किलोची, साडेचार महिन्यांत अंड्यावर येणारी आणि रोगांना चिवट. अंडं लहान असतं. स्वभाव मात्र भित्रा: पकडायला गेलं की किंचाळते, झाडावर चढते आणि त्या धडपडीत अंगाची उष्णता वाढवून घेते. तिला हाताळायचं ते अंधार पडल्यावरच.

तुरा मोठा तर उष्णता लवकर जाते, या नियमाला असील ही झुंजीची जात अपवाद आहे. तुरा लहान, तरी ऊन सोसते, कारण पिसं तोकडी आणि विरळ, पाय लांब, छातीवर कातडी उघडी. अंडी फारच कमी, पण खुडूक उत्तम बसते आणि पिल्लं सांभाळते. कोंबडे वेगवेगळेच ठेवावेत. कडकनाथ काटक आहे. अंडी मात्र वर्षाला शंभराच्या आतबाहेरच धरावीत.

ऱ्होड आयलंड रेडची शिफारस अटीवर. मादी अडीच-तीन किलोची, पिसं गडद. दिवसभर दाट सावली असेल तरच घ्यावी.

ब्रह्मा, कोचीन, ऑर्पिंग्टन टाळाच. पायांपर्यंत किंवा फुगीर पिसांचं हे अंग थंड मुलखासाठी आहे. झपाट्याने वाढणारे ब्रॉयलरही भर उन्हाळ्यात नकोत: विक्रीच्या वजनाला आलेला पक्षीच आधी मरतो, कारण वजन वाढतं त्या प्रमाणात उष्णता फेकणारी कातडी वाढत नाही आणि खाद्य पचतानाची उष्णता वेगळीच. ते ठेवलेच असतील तर ऊन चढण्याच्या चार-पाच तास आधीच खाद्य काढून घ्यावं, पाणी नाही. एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी पिणारी कोंबडी उन्हाळ्यात चौपट पिते, आणि पाणी कोमट झालं की पिणं कमी करते.

खरेदी करताना तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, थंडीच्या अखेरीस आणाव्यात, म्हणजे ऊन हळूहळू अंगवळणी पडतं. कोणतीही जात असो, पक्षी बघायला सकाळी जाऊ नका. दुपारी दोन-तीनला जा; सावलीत असूनही ज्या धापा टाकत आहेत त्या सोडा, आणि निवडलेल्या कोंबड्या रात्रीच्या वेळी वाहून आणा.