निकोटिन गम की पॅच? दोन्ही वापरून झाल्यावर

सिगारेट सोडायला गम आणि पॅच दोन्ही वापरलेत, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. त्याच्याही आधी 'मनावर घेतलं की सुटते' हा प्रकार तीनदा करून झाला. बऱ्याच ओढणाऱ्यांना अजून तोच खरा मार्ग वाटतो, पट्ट्या न् गोळ्या म्हणजे कच्च्या मनाच्या लोकांसाठी, मीही असंच बोलायचो. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत तलफ सगळ्यात जोरात असते आणि तिन्ही वेळा मी तिथेच आपटलो, एकदा तर गाडीच्या सीटखालचं थोटूक शोधून पेटवलं. ज्यांना जमतं त्यांना नमस्कार.

गम आधी जास्त पटला, कारण तलफ आली की तोंडात टाकायचा, सगळं आपल्या हातात. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटवत असाल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. साध्या च्युइंगमसारखा चघळत बसलात तर उचक्या आणि घशात जळजळ ठरलेली. थोडा चावायचा, झिणझिणलं की गालात दाबून ठेवायचा, कमी झालं की परत चावायचा. हे जमतं हळूहळू.

मला नडली ती कॉफी. गम घ्यायच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक काही घ्यायचं नाही, कारण गममधलं निकोटिन तोंडातूनच शोषलं जातं आणि असल्या पेयांनी ते नीट शोषलं जात नाही. आता मला सांगा, तलफ येते कधी? कॉफीचा मग हातात घेतला की! म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच गम बाद. मी समोर मग ठेवून घड्याळाकडे बघत बसायचो, आधी गम का आधी कॉफी, आणि शेवटी चिडून दोन्ही सोडून बाहेर जाऊन एक ओढून यायचो.

पॅचला ही कटकट नाही. सकाळी दंडावर चिकटवला की दिवसभर विषय बंद. दिवसाला दहाच्या वर ओढत असाल तर साधारण २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग १४, मग ७, आठ-दहा आठवड्यांचं काम. खाज सुटते, म्हणून जागा रोज बदलायची. रात्रभर ठेवला तर स्वप्नं भयंकर खरी पडतात, एकदा स्वप्नात सिगारेट ओढली आणि जाग आल्यावर पहिल्यांदा बोटांचा वास घेऊन बघितला. मग झोपताना काढायला लागलो, सकाळ थोडी जड जायची पण चालायचं.

अचानक उसळलेल्या तलफेला पॅच हळू पडतो, हे मान्य. पण वरून एखादा गम घेता येतो, दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. सिगारेट सोडायला देतात ती व्हरेनिक्लिनची गोळी मी घेतलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल गप्प.

तुमचं कॉफीशी वाकडं असेल तर गमही चालून जाईल कदाचित. मला तरी तो जेवणानंतरच लागायचा, अर्धं पाकीट अजून ड्रॉवरमध्ये पडलंय.