फॉरमॅट झालेल्या कार्डावर आणि डिस्कवर फोटोरेक, डीएमडीई: आठ महिन्यांच्या वापरानंतर

लग्नसराईत कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात अर्धा तास थांबलं तरी एखादा फोटोवाला हातात कार्ड घेऊन येतोच: "फॉरमॅट झालंय, फोटो येतील काय?" बहुतेक वेळा येतात. पण कशाने काढले, तोवर त्या कार्डावर काय काय झालं आणि फाइल कसली आहे, यावर सगळं ठरतं. गेलेल्या फाइल्स परत काढणारं फोटोरेक ७.२ आणि त्याच्याबरोबरच मिळणारं, उडालेलं पार्टिशन परत आणणारं टेस्टडिस्क ही दोन्ही सॉफ्टवेअरं पूर्ण फुकट. फाइल्स नाव-फोल्डरसकट काढणाऱ्या डीएमडीईची मोफत आवृत्ती एका वेळी, उघडलेल्या एकाच फोल्डरमधल्या ४००० फाइल्स काढून देते. आठ महिन्यांत कार्ड, पोर्टेबल डिस्क आणि ऑफिसचे पीसी अशा तिन्हींवर ही वापरून जे दिसलं ते असं.

कार्ड आधी कॅमेऱ्यातून बाहेर काढायचं. आणि काम मूळ माध्यमावर कधीच करायचं नाही, आधी इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची किंवा डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, घ्यायची. ती सेव्ह करायची डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि ६४ जीबी कार्डाची इमेज तिथेच अडकते. ही चूक वारंवार होते. जुनी डिस्क असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे भाग) बघा. आकडा शून्य नसेल तर लिनक्सवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची इमेज घेणारं सॉफ्टवेअर) चालवायचं आणि मॅप फाइल (कुठपर्यंत वाचलं त्याची नोंद) द्यायचीच, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. यूएसबी २ च्या पोर्टला सेकंदाला ३० एमबी धरले तर १ टीबीला नऊ तासांच्या वर जातात. डिस्क थेट साटा केबलवर लावली की वेळ बराच वाचतो.

फोटोरेक फाइलचं नाव बघतच नाही. जेपेग ज्या ठरावीक बाइट्सनी सुरू होते त्या शोधतं आणि तिथून पुढचं उचलतं. म्हणून फाइल टेबल, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची यादी, उडालं तरी त्याचं काही अडत नाही. इमेज उघडल्यावर 'फाइल ऑप्ट'मध्ये जाऊन एस दाबून सगळे प्रकार बंद करा आणि लागतील तेवढेच चालू करा: जेपीजी, टिफ, मूव्ह. कॅननचं सीआर२ आणि निकॉनचं एनईएफ टिफमध्येच येतं, एमपी४ मूव्हमध्ये. फाइल सिस्टिम विचारली की 'अदर', मग 'होल' (सगळी जागा). 'फ्री' निवडलं तर फॉरमॅटनंतर नवीन लिहिलेला भाग वगळला जातो, आणि बऱ्याचदा गोंधळ नेमका तिथेच झालेला असतो.

बाहेर आलेल्या फोल्डरांत साधारण पाचशे-पाचशे फाइल्स असतात आणि नावं म्हणजे एफ हे अक्षर आणि पुढे लांबलचक आकडा. वैतागू नका, तो आकडा सेक्टरचा, म्हणजे कार्डावरच्या जागेचा आहे. रिकामं कार्ड घालून शूटिंग केलेलं असेल तर कॅमेरा ओळीनं लिहीत जातो, त्यामुळे नावानुसार लावलं की हळदीपासून वरातीपर्यंत क्रम आपोआप लागतो. टी अक्षराने सुरू होणाऱ्या फाइल्स म्हणजे फोटोतल्या छोट्या थंबनेल. त्या आधी उडवा, निम्मा कचरा कमी होतो. मग एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने फोटोतल्या तारीख-वेळेवरून नावं बदला. वरचा भाग नीट आणि खाली करडा पट्टा अशी जेपेग आली तर तिचा उरलेला तुकडा दुसरीकडे पडलाय किंवा त्यावर नवीन काही लिहिलं गेलंय. रिपेअरची दहा सॉफ्टवेअरं लावून तो परत येत नाही.

फोटोला फोटोरेक म्हणजे नाद खुळा. व्हिडिओला मात्र ते रडवतं. गोप्रो मोठ्या फाइलबरोबर छोटी एलआरव्ही फाइलही लिहीत असतो, त्यामुळे दोन्हींचे तुकडे एकमेकांत विणले जातात आणि सलग उचललेला एमपी४ चालत नाही. अशा वेळी आधी डीएमडीई. एक्सफॅटमध्ये सलग लिहिलेल्या फाइलला साखळी (पुढचा तुकडा कुठे आहे याची नोंद) लागतच नाही, फोल्डरमधल्या नोंदीत सुरुवातीचा क्लस्टर (जागेचा ठोकळा) आणि आकार असतो. ती नोंद सापडली की फाइल नावासकट येते. तुकड्यांत पडलेल्या फाइलची साखळी मात्र फॉरमॅटमध्ये पुसली गेलेली असते.

डीएमडीईची खरी किंमत कळते ती ऑफिसच्या पीसीवर. टॅलीचा डेटा म्हणजे कंपनी नंबरचं फोल्डर, आणि आत ठरावीक नावाच्या फाइल्स. नाव नसलेल्या दोनशे फाइल्स टॅलीच्या काही कामाच्या नाहीत. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या ड्रॉइंगचंही तेच, रिव्हिजन नंबर फाइलच्या नावातच असतो. एनटीएफएसवर क्विक फॉरमॅट झालं की नवीन एमएफटी (एनटीएफएसची फाइल्सची यादी) बहुधा जुन्याच जागी बसते, पण तिच्याखाली सुरुवातीच्याच नोंदी जातात. पुढच्या, १ केबीच्या एकेक नोंदी तशाच राहतात. 'फुल स्कॅन' करा, सापडलेल्या व्हॉल्यूममधून जुनं निवडून उघडा, स्कॅनचा लॉग सेव्ह करा. फोल्डरांचं झाड नावासकट उभं राहतं. मोफत आवृत्तीत एकेक फोल्डर उघडून फाइल्स काढाव्या लागतात. टॅलीपुरतं तेवढं पुरतं, पण शंभर फोल्डर असतील तर परवाना घ्यावा. मात्र त्याच पार्टिशनवर पुन्हा विंडोज टाकलं असेल तर वीसेक जीबी नवीन डेटा खाली बसलेला असतो, त्याच्या जागेवरचं गेलंच.

एसएसडीवर पैसे आणि वेळ घालवू नका. विंडोज ७ पासून फॉरमॅट करताना ट्रिम (ही जागा आता रिकामी, असं एसएसडीला सांगणारा हुकूम) जातो आणि वाचायला गेलं की बहुधा नुसती शून्यं येतात. एकच फट: काही यूएसबी डब्यांमधून ट्रिम पोचत नाही, म्हणून बाहेरून जोडलेली एसएसडी एकदा बघायला हरकत नाही. 'क्विक'ची खूण काढून फॉरमॅट केलेली साधी हार्डडिस्कही तशीच, व्हिस्टापासून त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. कॅननच्या मेन्यूत 'लो लेव्हल फॉरमॅट'वर टिक केली होती का, हेही आधी विचारून घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ४८ आकडी की लागते, आणि नुसत्या कीनेही भागत नाही, त्याचा मेटाडेटा (बिटलॉकरची स्वतःची माहिती) डिस्कवर शिल्लक असावा लागतो.

टेस्टडिस्कने या कामात फारसं हाती लागलं नाही. पार्टिशन उडालं असेल तर ते पाच मिनिटांत आणतं. फॉरमॅटनंतर मात्र त्यातलं 'राइट' दाबलं की थेट डिस्कवरच लिहिलं जातं, म्हणून ते इमेजवरच चालवायचं, आणि तेही डीएमडीईने काढलेल्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उघडून बघितल्यावर.